इंग्रजीत बोललेलं धरायचं नाही

मास्तरांना "काय, बरं आहे ना?" असं सहज विचारायची सोय नव्हती. ते रस्त्यात थांबत, छत्री बगलेत घेत आणि विचारात पडत. "बरं म्हणजे ठीक, की आजारातून उठल्यावर असतं तसलं बरं?" विचारणारा तोवर चार घरं पुढे गेलेला असे. मास्तरांचं उत्तर ठरलं की ते मागून मोठ्यानं सांगत, "ठीक! ठीकच आहे!"

मी त्यांच्या शेजारच्या घरात लग्न होऊन आले, ती मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडी आधीची गोष्ट. अलिबागच्या खाली समुद्राला लागून आमचं गाव. घरापुढे रस्ता, घरामागे पोफळीची वाडी, आणि त्यांची वाडी नि आमची वाडी यांच्यामध्ये एक सामाईक विहीर. दिवसभर तिच्यावरचा रहाट कुरकुरायचा. माझं माहेर अलिबागचं. वडील कोर्टात कारकून होते, त्यांनी हौसेनं मला तिसऱ्या इंग्रजीपर्यंत शिकवलं होतं. सासरी त्या शिकण्याचा उपयोग काही नव्हता. आमचे हे मुंबईला नोकरीला, वर्षातून दोनदा येणार. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. मामंजींनी मामलेदार कचेरीत जन्म काढला होता आणि पेन्शन घेतल्यावर आळीच्या धर्माचा कारभार हाती घेतला होता.

मास्तर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. उंच, वाळके, बंद गळ्याचा कोट उन्हाळ्यातसुद्धा घालणारे. पहाटे जोडे हातात घेऊन वाळूतून कोळीवाड्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. दोन शब्दांतला फरक सांगायचा झाला की दोन्ही तळहात पुढे करून ते तराजूसारखे खालीवर हलवत. हा तराजू कुठेही निघायचा. एकदा देवळात पुजाऱ्याने "तीर्थ घ्या" म्हटल्यावर हात पुढे करून ते "घ्या आणि स्वीकारा यांत..." असं सुरू झाले होते. पुजारी पळी धरून ताटकळला.

त्यांचा आवडता धडा म्हणजे एकटेपणाचा. आपल्याकडे एकटा म्हटलं की भागतं, पण इंग्रजांनी त्याचे पाचसहा कप्पे केलेत, असं ते सांगत. भरती आली आणि माणूस समोरच्या पाण्यातल्या किल्ल्यात अडकला, तर तो अलोन. त्यात दुःख नाही, सुख नाही, जवळ दुसरं माणूस नाही एवढंच. ओहोटी लागली की सुटला. बेटावरचा दीपगृहवाला सॉलिटरी, कारण त्याचं जगणंच तसं. पहाटे आपण होऊन वाळूवर गेलेल्या मास्तरांना मिळतं ते सॉलिट्यूड, ते मागून घ्यायचं असतं. लोनसम हा शब्द अमेरिकन लोक वापरतात, आपण वापरायचा नाही, परीक्षेत मार्क जातील. "आणि लोनली म्हणजे, पोरांनो, पंगत भरलेली आहे, डावीउजवीकडे माणसं जेवताहेत आणि वाढपी तुमच्या पानावरून न वाढता पुढे गेला." आळीतली मुलं संध्याकाळी ओट्यांवर हे घोकत बसत. मला ऐकून मजा वाटायची आणि रात्री निजताना माझा कप्पा कोणता असेल, असंही मनात यायचं.

शब्द तोलायच्या या सवयीनेच त्यांचा घात केला.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर मुंबईहून मचव्यातून येत होते. अवेळी वादळ उठलं, मचवा खडकावर लागला. आमच्याच कोळीवाड्यातल्या होडीने त्यांना काढलं. कोळणीने त्यांना झोपडीत नेऊन कोरडं नेसायला दिलं आणि बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी जेवायला घातली. सकाळी मास्तर घरी आले. आता, ब्राह्मणाने कोळ्याकडे मासळी खाल्ली तर गप्प राहावं की नाही? मास्तरांनी शाळेच्या दारातून देवळाच्या दारापर्यंत भेटेल त्याला सांगितलं.

आळीची बैठक आमच्या ओटीवर बसली. मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते. मामंजी काही दुष्ट नव्हते. त्यांनी वाट काढून ठेवली होती.

"जीव वाचवण्यासाठी खाल्लं म्हणा," ते म्हणाले. "आपद्धर्माला शास्त्राची मुभा आहे. पंचगव्य घ्या, जानवं बदला, विषय संपला."

मास्तरांचे तळहात पुढे आले. "पहिली भाकरी भुकेनं खाल्ली," ते म्हणाले. "तिचं प्रायश्चित्त सांगाल ते घेतो. दुसरी चवीनं खाल्ली, मागून घेतली. तेव्हा जीव वाचलेला होता."

"दुसरी कोण विचारतंय तुम्हाला?"

"पण खाल्ली ना मी!"

इथेच ग्रामण्य झालं. मास्तरांचं घर वाळीत पडलं. त्यांच्या घरी कुणी जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, त्या घरातल्या कुणाशी बोलायचं नाही. भटजी बंद, न्हावी बंद. वाडीत कामाला येणाऱ्या गड्यांना आणि बायांनाही ताकीद मिळाली, की तिथे जो बोलेल त्याला आळीत काम नाही. विहीर तोडायची तर आमचंच पाणी तुटलं असतं, म्हणून पाणी भरायच्या वेळा वाटून दिल्या.

अडचण आली शाळेची. मुलांनी मास्तरांना उत्तरं दिली नाहीत तर मुलं नापास होणार आणि मॅट्रिक बुडणार. पुन्हा बैठक बसली. मामंजींनी बराच वेळ सुपारी कातरली आणि निवाडा दिला. "इंग्रजी ही परक्यांची भाषा. तीत ना शाप लागतो ना आशीर्वाद. तेव्हा इंग्रजीत बोललेलं बोलणं धरायचं नाही."

सगळ्यांना हे पटलं. आज सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तेव्हा मलाही मामंजींच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

पुढची दोन वर्षं आळीत इंग्रजीचा जो प्रसार झाला तो सरकारलाही जमला नसता. मास्तर मुलांपुरतेच आहेत असं आधी वाटलं होतं, पण मोठ्यांचीही कामं अडत होती. कुणाला मुंबईहून आलेला कागद वाचून घ्यायचा असे, कुणाला मुलाच्या अभ्यासाचं विचारायचं असे. मग धोतर सावरत गृहस्थ रस्त्यात उभे राहत आणि "मास्तर, माय सन, व्हेरी डोंकी, व्हॉट टू डू?" असं काहीतरी म्हणत. मास्तर आधी वाक्य सुधारून घेत, मगच सल्ला देत. त्यांचा चेहरा खुलला. मामंजी स्वतःसुद्धा एकदा कुंपणापाशी उभे राहून "युवर कोकोनट, फॉल माय साइड" असं सांगताना मी ऐकलं. मास्तरांनी त्यांना "हॅज फॉलन" म्हणायला लावलं आणि मामंजी म्हणाले!

कुणी कीव केली तर मास्तर ऐकून घेत नसत. दोन्ही तळहात पुढे करून म्हणत, "आय अॅम अलोन. नॉट लोनली." हे वाक्य गावभर झालं. मास्तरांचा बाणेदारपणा म्हणून पोरं ते एकमेकांना म्हणून दाखवत.

मास्तरांना बायको होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. पालीकडच्या, ठेंगण्या, बोलघेवड्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळ्या आळीची मुलं त्यांच्या ओटीवर असत. मी नवी आले तेव्हा फणसाची साठं वाळवण्यापासून सासूबाईंच्या रागापर्यंत सगळं मला त्यांनीच विहिरीवर समजावून दिलं होतं. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

ही गोष्ट बैठकीत कुणाच्या ध्यानात आली नाही. मास्तरांच्याही आली नाही, पहिले काही महिने. त्यांचा दिवस बोलण्यात जाई. काकूंच्या दारात कुणी येत नव्हतं. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका त्यांच्या घरावरून पुढे जायच्या आणि काकू नेसून सवरून दारात उभ्या असायच्या. रस्त्याने जाणारी कोळीण, ती त्या रात्रीचीच, टोपली डोक्यावर घेऊन "मास्तर, रामराम!" अशी हाक मारून जायची. तिला आळीत थांबायची मुभा नव्हती. ती हाक एवढंच काय ते मराठी काकूंच्या दारापर्यंत येत होतं.

मग मास्तरांच्या डोक्यात आलं की काकूंना इंग्रजी शिकवावं. शेजारची सून तिसरी इंग्रजी झालेली आहे, तिच्याशी तरी बोलता येईल. कल्पना चांगलीच होती. पण मास्तर कुठलीही गोष्ट अर्धी करत नसत. त्यांनी ठरवलं की घरात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही. अर्थ सांगण्यापुरतं मराठी, बाकी काकू मराठीत काही बोलल्या तर ते उत्तरच देत नसत.

"महिनाभर कळ काढ," हे त्यांनी तेवढं मराठीत सांगितलं होतं. "मग बघ."

आमच्या मागच्या पडवीतून त्यांचं मागचं दार दिसे. काकू विळीवर भाजी चिरत असायच्या आणि मास्तर पायरीवर बसून विचारायचे. काकू म्हणायच्या, "सॉल्ट." मास्तर म्हणायचे, "व्हॉट अबाउट सॉल्ट?" काकूंना सांगायचं असे की मीठ संपलंय, आणायला हवं. ते वाक्य जुळेना. मग त्या दिवशी त्यांच्याकडे अळणी व्हायचं आणि मास्तर मुकाट्यानं अळणी जेवायचे, पण उठून मीठ आणायचे नाहीत. त्याला ते शिस्त म्हणत.

एके दिवशी एकटेपणाचा धडा काकूंना चालला होता. किल्ला झाला, दीपगृह झालं, वाढपी झाला. काकूंनी विळी आडवी केली आणि मराठीत विचारलं, "आणि मी यातली कुठली?"

अर्थाचा प्रश्न होता, म्हणून मास्तरांनी उत्तर दिलं. हात तोलून बघितले. "तू? तू कुठलीच नाहीस. तू अलोनसुद्धा नाहीस. मी आहे ना घरात!"

काकूंनी विळी उभी केली आणि चिरायला घेतलं.

माझं आणि त्यांचं बोलणं व्हायचं ते विहिरीवर, त्यांची पाण्याची वेळ संपून आमची सुरू होताना. सासूबाई मागच्या दारात उभ्या असत. "गुड मॉर्निंग," काकू म्हणायच्या. "गुड मॉर्निंग. वॉटर इज कोल्ड," मी म्हणायची. "येस. व्हेरी कोल्ड." इथे आमचं इंग्रजी सरायचं. काकू तरी घागर उचलायच्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, आणखी काही येतं का म्हणून. मला लाज वाटायची आणि मी रहाटाकडे बघायची.

दोन वर्षं उलटल्यावर, शिमगा होऊन गेला तेव्हा, पालीहून माणूस आला. काकूंची आई गेली होती. त्या माणसाने ओट्याखाली उभं राहून सांगितलं, पाणीसुद्धा न घेता निघून गेला. पालीच्या नातेवाइकांनाही ग्रामण्याचा धाक होताच. काकू स्नानाला विहिरीवर आल्या. आमची वेळ होती, मी आणि सासूबाई तिथेच होतो. आम्ही बाजूला झालो. काकूंनी नेसत्या लुगड्यावर घागर ओतून घेतली, आणि आणखी एक ओतली, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. कुणापुढे रडायचं? मग माझ्याकडे वळल्या. ओठ हलत होते, पण शब्द सापडेना. दोन वर्षं मराठी बोलल्यावर उत्तर न येण्याची त्यांना सवय झाली होती.

"मदर," त्या म्हणाल्या. "मदर नो. आय... आय अॅम लोनली."

मास्तर मागच्या दारात उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "लोनली नव्हे, तिथे..." आणि ते थांबले. हात पुढे आलेले होते. ते त्यांनी तसेच उचलून तोंडावर घेतले. इतका उंच माणूस, उंबऱ्यावर खाली बसला.

माझ्या शेजारून सासूबाई गेल्या. आमच्या सासूबाई, ज्यांनी दोन वर्षं मागच्या दारात पहारा केला होता. त्यांनी हातातला दोर टाकला, काकूंचं ओलं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "अगं, आई गेली ना तुझी? मग आई म्हणून रड!"

काकू रडल्या. "आई गं" म्हणून रडल्या. ओटीवर मामंजींच्या सुपारी कातरण्याचा आवाज थांबला तो मला तिथून कळला.

आता आमच्याच घराने नियम मोडला होता. संध्याकाळी मास्तर आले. ओटीखाली उभे राहिले. कोट नव्हता, उपरणं होतं. मामंजींनी मान वर केली.

"जीव वाचवण्यासाठी खाल्लं," मास्तर मराठीत म्हणाले. हात खाली होते. "दोन्ही भाकऱ्या."

मामंजी दोन वर्षं याच शब्दांची वाट बघत होते. आता ते ऐकून त्यांना मास्तरांकडे बघवेना. "बरं बरं," एवढं ते म्हणाले आणि आत आले. दाराआड मी होते, माझ्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

पंचगव्य झालं, जानवं बदललं, आळी जेवली. मास्तर पंगतीत बसले, त्यांच्या पानावर सगळं वाढलं गेलं. आता त्यांच्याशी सगळे मराठीत बोलत आणि कुणी "बरं आहे ना?" विचारलं तर ते लगेच "आहे" म्हणून चालू लागत. शाळेत मुलांनी अलोनच्या जागी लोनली लिहिलं तरी खूण करून पुढे जात. सुधारले बरं का मास्तर, असं आळी म्हणाली. पहाटेचं वाळूतलं फिरणं त्यांनी सोडलं. आता ते जोडे घालून शेतांच्या बाजूने जात, कारण वाळूच्या टोकाला कोळीवाडा होता.

पण कोळीवाडा किती टाळणार? गावात बोललेलं वाऱ्यावर जातं आणि जाता जाता बदलतं. एके सकाळी कोळीण आळीत आली. मास्तर ओट्यावर होते, काकू दारात निवडत बसल्या होत्या, समोर आमच्या ओटीवर मामंजी. कोळणीने हाक मारली नाही. नियम मोडून ती मास्तरांच्या दारासमोर उभी राहिली आणि टोपली खाली ठेवली.

"मास्तर, मी आयकला ते खरा हाय का? तुमी बोललाव, आमी तुमाला जबरीनं खायाला लावलं?"

मास्तर उभे राहिले.

"आमी इचारलं व्हतं तुमाला, चालंल का म्हून. आमचा धनी बोलला पन, बामन मानूस हाय, उपाशी ठेव. मला न्हाय ठेवावला. त्यो गुना झाला व्हय?"

मास्तरांची मान खाली गेली. आळीतली दारं एकेक उघडत होती. माझं तोंड भाजल्यासारखं झालं. एका माणसाला आळीत परत घ्यायला आम्ही त्याच्याकडून काय बोलवून घेतलं होतं, ते त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मामंजी तर खांबासारखे झाले होते.

काकू उठल्या. मांडीवरचे तांदूळ सांडले. त्या ओट्यावरून उतरून रस्त्यात आल्या, भर सकाळी, मामंजींच्या डोळ्यांसमोर.

"नाही हो बाई," त्या म्हणाल्या. "कुणी जबरदस्ती केली नाही. आवडीनं जेवले ते तुमच्याकडे. दुसरी भाकरी मागून घेतली. घरी येऊन मला आठ दिवस तेच सांगत होते, कालवणात काय घालतात ते विचारायला हवं होतं म्हणून. माझ्यासाठी खोटं बोलले. खोटं आहे ते."

आता पुन्हा बैठक बसायला हवी होती. सगळे मामंजींकडे बघू लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आत चला. पानं घेतली आहेत." पानं घेतलेली नव्हती. मामंजी उठले आणि आत गेले.

कोळणीने पदराने तोंड पुसलं. "मंग तसा बोलाचा ना, मास्तर," ती म्हणाली आणि टोपलीला हात घातला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "एवढ्यात कुठे जाता? बसा." आणि स्वतःच ओट्याच्या पायरीवर बसल्या. कोळीण जरा बिचकली, मग रस्त्याच्या कडेला टेकली. काकूंनी विचारलं, त्या रात्री होडी कशी घातली पाण्यात, मुलं किती, धाकटीचं लग्न कुठं केलं. मग त्यांनी आपलं सांगायला घेतलं. आईचं सांगितलं, पालीच्या घराचं सांगितलं, आई शेवटी काय म्हणाली असेल ते कुणाला विचारायचं, हेही सांगितलं. ऊन ओट्यावर आलं तरी त्या बोलतच होत्या. मास्तर त्यांच्या मागे उभे राहून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत.